खड्ड्यातला तबला, मागची गिटार

१९६८ च्या जून महिन्यात लागोपाठच्या दोन दिवशी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. २६ जूनला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं. ती बालगंधर्वांची, म्हणजे नारायणराव राजहंसांची, ऐंशीवी जयंती. खुद्द नारायणराव आदल्या वर्षीच्या जुलैत गेले होते, पण या वास्तूची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हातून बसली होती. दुसऱ्या दिवशी, २७ जूनला, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बरबँक इथं एनबीसीच्या स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली काळ्या चामड्याच्या पोशाखात एका छोट्या चौथऱ्यावर येऊन बसला. चारी बाजूंना प्रेक्षक. शेजारी त्याचे जुने साथीदार, गिटारवर स्कॉटी मूर आणि तालाला डी. जे. फोंटाना. त्या बैठकीत ड्रम नव्हते, म्हणून फोंटाना गिटारच्या रिकाम्या पेटीवरच ताल धरून होता. जुनी गाणी रंगात आली तसा प्रेस्लीनं हात पुढे केला, स्कॉटीची इलेक्ट्रिक गिटार मागून घेतली आणि स्वतःची साधी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. पुढची बरीच गाणी तारा साथीदाराच्या वाद्यावर वाजवत होता आणि साथीदार ताऱ्याच्या.

ते चित्रीकरण आजही सहज पाहायला मिळतं. स्कॉटीच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नाही. त्यानंतर तो प्रेस्लीबरोबर पुन्हा कधी वाजवायला बसला नाही.

या दोन तारखा शेजारी ठेवाव्याशा वाटल्या त्या साथीदारांमुळे. विसाव्या शतकात मराठी रंगभूमीनं एक असा गायक पाहिला, ज्याची लुगडी, ज्याचे दागिने, ज्याची चाल घराघरांत उचलली गेली. चाळीसेक वर्षांनी अमेरिकेनं तसाच एक पाहिला. दोघांवर लिहिलेली पुस्तकं कपाटात मावणार नाहीत. त्यांच्या पुढ्यात किंवा मागे बसून ज्यांनी तो आवाज उभा केला, त्यांच्याकडे मात्र आपण जाता जाता बघतो. त्यांची एकमेकांशी तुलना तर कुणी फारशी करतच नाही. ती करण्याजोगी आहे.

बालगंधर्वांपासून सुरुवात करू. नारायणराव १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १२ मार्च १९११ ला खाडिलकरांचं ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली होती आणि तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही हकिकत मराठी माणसाला पाठ आहे. त्या नाटकाच्या चाली कुणी बांधल्या, हे तितकं पाठ नसतं. त्या गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे, जन्म १८८१ चा. पेटी त्यांनी बरीचशी स्वतःच्या बळावर आत्मसात केली. पेटीसारखं परदेशी, ठोकळ सुरांचं वाद्य त्यांच्या बोटांखाली इतकं लवचिक झालं की लोक त्यांचं एकल वादन ऐकायला बसत. भास्करबुवा बखल्यांचा सहवास आणि तालीम त्यांना लाभली. ‘मानापमान’मध्ये त्यांनी पूरब बाजूच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग मराठी पदांत आणला. तोवरच्या साक्या-दिंड्या आणि कीर्तनी वळणाच्या पदांना सरावलेल्या कानांना हे नवं होतं.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. मालक तिघे: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे. म्हणजे पेटीवाला इथं पगारी नोकर नव्हता, भागीदार होता. हे फार दिवस टिकलं नाही. दोनेक वर्षांत टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. पुढे १९३२ मध्ये प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त ते हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिलं. माझ्या मते टेंब्यांचा पिंड साथीदाराचा नव्हताच. ज्याला चाल सुचते, त्याला दुसऱ्याच्या गळ्यामागून जाण्यात फार काळ समाधान मिळत नाही. असा माणूस साथीला बसला की दोनच गोष्टी होतात: एक तर गाणं बदलतं, नाही तर माणूस निघून जातो. इथं दोन्ही झालं.

त्यांच्यानंतर रंगमंचापुढच्या खड्ड्यात जे बसले ते निराळ्या जातीचे होते. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. तिघांची कामं वेगळी होती आणि ती नीट पाहिली तरच बालगंधर्वांच्या गाण्याची घडण कळते.

ऑर्गन पायानं भाता मारून वाजवायचा, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. आवाज भरदार, नाट्यगृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, आणि त्या काळात ध्वनिक्षेपक नव्हते हे लक्षात घेतलं तर हे केवढं काम होतं ते कळेल. पण सूर ठोकून बसवलेले. दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्यात नाही, मींड नाही. बालगंधर्वांचं सगळं गाणं तर त्या मधल्या जागेतच. म्हणून ऑर्गनवाल्याला सतत वाजवायचं असतं आणि सतत मागेही राहायचं असतं. स्वराची भिंत उभी करायची, पण गायक हळूच एखाद्या श्रुतीवर टेकला की तिथलं बोट उचलून घ्यायचं. आकाशवाणीनं १ मार्च १९४० पासून पेटी हद्दपार केली ती याच उणिवेचं कारण देऊन, आणि पुढली तीस वर्षं ती बंदी चालली. हरिभाऊंसारख्यांनी ती उणीव कान आणि संयम यांच्या जोरावर झाकली होती.

ऑर्गनला जे जमत नाही ते सारंगीचं. नखाच्या मुळानं तार दाबून बोट सरकवायचं, त्यामुळे गळ्याची प्रत्येक हरकत उचलता येते. कादरबक्षांचं काम सावलीचं होतं. गायकाच्या अर्ध्या पावलामागून जायचं, त्यानं श्वास घेतला की सूर तुटू द्यायचा नाही. अडचण अशी की नारायणराव तेच पद दोनदा तसंच म्हणत नसत. वन्समोअर आला की तीच ओळ नव्या वळणानं यायची, आणि ‘वन्समोअर’ तर रात्रभर चालायचे. आता ते काय घेणार याचा अंदाज बांधून सारंगीनं आधीच तिथं जाऊन बसणं म्हणजे गाण्याचा खून. मागं राहावं, पण मागं पडू नये. सारंगीवाल्याचं सगळं शहाणपण या एवढ्याशा फटीत.

आणि थिरकवा. मुरादाबादचा हा मुलगा मुनीर खाँसाहेबांकडे शिकला. बोटं तबल्यावर थिरकतात म्हणून नाव पडलं थिरकवा. पेशकार, कायदे, रेले, गती यांचा साठा इतका की एकल वादनात उभ्या हिंदुस्थानात तोडीस तोड सापडणं मुश्किल. असा माणूस मराठी नाटकात काय वाजवत होता? केरवा, दादरा, धुमाळी, सरळ त्रिताल. ज्याच्याकडे शेकडो बंदिशी आहेत त्यानं पदाला स्वच्छ ठेका धरायचा, लय किंचितही हलू द्यायची नाही आणि ओळीच्या शेवटी चार-दोन आवर्तनांची लग्गी लावून समेवर मोकळं व्हायचं. त्या चार-दोन आवर्तनांसाठी टाळ्या पडत, लोक तबला ऐकायलाही तिकीट काढत, असं जुने रसिक सांगत आले.

हे वाजवणं खालच्या पायरीचं होतं असं समजणाऱ्यांनी थिरकवांची पुढची वाटचाल पाहावी. गंधर्व कंपनीनंतर ते रामपूरच्या दरबारी गेले, लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवलं, १९७० मध्ये पद्मभूषण झाले. पण तबल्याच्या बोलाला गाण्यासारखी आस असावी, ठोका पडल्यावरही त्यात ओलावा राहावा, हे जे त्यांच्या वादनात म्हातारपणापर्यंत होतं, त्यातला बराचसा वाटा त्या खड्ड्यात घालवलेल्या रात्रींचा असावा असं मला वाटतं. गळ्याच्या इतक्या जवळ इतकी वर्षं बसलेला दुसरा मोठा एकल वादक दाखवता येणार नाही.

आमच्या कापूरहोळ भागात, किंवा भोरपासून वेल्ह्यापर्यंत कुठल्याही वाडीत, सप्ताहाला जाऊन बसलात तरी वादन दाखवणं आणि साथ करणं यांतला भेद दिसेल. शेजारच्या गावातला नावाजलेला पखवाजवाला बोलावला जातो. तो पहिल्या अभंगाला हात दाखवून घेतो, तेव्हा माना डोलतात. तिसऱ्या अभंगालाही तो हातच दाखवत राहिला तर बुवा टाळ थांबवून नुसता त्याच्याकडे बघतो. एवढं पुरतं. उलट, पेटीमास्तर साधा असला तरी बुवाची पट्टी ओळखून खालचा षड्ज सोडत नसेल तर पुढच्या वर्षीचं आवतण त्याला आधी जातं. साथ म्हणजे काय हे या मंडळींना कुणी शिकवलेलं नसतं.

आता मेंफिस. ५ जुलै १९५४ च्या रात्री सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत तिघंच वादक होते. १९ वर्षांचा प्रेस्ली गात होता आणि गिटारवर ताल छेडत होता. बिल ब्लॅक उभा बास वाजवत होता. बावीस वर्षांचा स्कॉटी मूर दिवसा भावाच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात टोप्यांना आकार द्यायचं काम करायचा. ड्रम नव्हतेच. म्हणजे बासवाल्यानं तारेवर थपडा मारून ठेका द्यायचा, आणि आवाजाच्या भोवतालचं बाकी सगळं रान एकट्या गिटारनं भरायचं. स्कॉटीनं ते कसं केलं? चेट अ‍ॅटकिन्सच्या धर्तीवर अंगठ्यानं खालच्या तारांवर चाल धरायची आणि उरलेल्या बोटांनी वर छोटी छोटी वाक्यं टाकायची. गळा चालू असताना गिटार कमी बोलते. गळा थांबला की ती बोलते आणि तो परत यायच्या आत गप्प होते. हे सारंगीचं काम नव्हे, सावली तर नव्हेच. हा जबाब आहे. प्रेस्लीच्या सुरुवातीच्या गाण्यांत जी मोकळी हवा जाणवते ती या गप्प होण्यामुळे.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट डॅनी सेड्रोनची. १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’चं ध्वनिमुद्रण झालं. सेड्रोन हेलीच्या संचातला कायमचा वादक नव्हता, बोलावल्यावर यायचा. वेळ कमी होता, म्हणून त्यानं १९५२ मध्ये हेलीच्याच दुसऱ्या एका गाण्यात वाजवलेला तुकडा जवळजवळ जसाच्या तसा इथं ठेवून दिला. उभ्या जगातल्या गिटार शिकणाऱ्या पोरांनी तो तुकडा नंतर बोटं झिजेपर्यंत घोटला. सेड्रोनला त्या दिवसाचे २१ डॉलर मिळाले. त्याच वर्षी १७ जूनला जिन्यावरून पडून तो गेला. गाणं गाजलं ते पुढच्या वर्षी, ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटानं ते घेतल्यावर. थिरकवांच्या लग्गीशी या तुकड्याचं नातं आहे: थोडी जागा मिळते, तेवढ्यात सगळं सांगून समेवर यायचं. फरक हा की थिरकवांना ती जागा रोज रात्री मिळत होती आणि रोज वेगळं वाजवता येत होतं. सेड्रोनचं एकदाच वाजवलेलं तबकडीत कायमचं गोठलं.

तबकडीनं साथीचं गणितच बदललं. बालगंधर्वांच्या तबकड्या निघाल्या, पण तीन-साडेतीन मिनिटांत त्यांचं पद मावत नाही. रंगमंचावर अर्धा तास चालणाऱ्या पदाचा तो अर्क. त्यातून सारंगीची सावलीगिरी पुरती कळत नाही, लग्गीला तर वेळच उरत नाही. रॉक अँड रोल मात्र तबकडीतच जन्मलं. अडीच मिनिटांत मुखडा, दोन अंतरे आणि गिटारचा एक तुकडा, एवढ्या मापाचाच तो कपडा होता. म्हणून तिथं साथीदाराचं नाव नसलं तरी त्याचं बोट जगभर पोचलं, आणि आपल्याकडे नाव उरलं तरी वादनाचा मोठा भाग ऐकणाऱ्यांबरोबर गेला.

क्लिफ गॅलपचं उदाहरण याहून विचित्र आहे. जीन व्हिन्सेंटच्या ब्लू कॅप्समध्ये तो १९५६ चे काही महिनेच होता. तीसेक गाणी वाजवली असतील. वेगवान, स्वच्छ, जॅझच्या वळणाची त्याची गिटार आजही ऐकणाऱ्याला चकित करते. पण तो संसारी माणूस होता, दौरे मानवेनात, म्हणून सोडून घरी गेला आणि पुढची नोकरी व्हर्जिनियात शाळांच्या देखभालीच्या खात्यात केली. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतूनही अशी कितीतरी माणसं मास्तरकीकडे वळली.

या मंडळींत पुरा साथीदार म्हणावा तर जेम्स बर्टन. लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा. डेल हॉकिन्सच्या १९५७ च्या ‘सूझी क्यू’वरची गिटार त्याची, आणि तेव्हा तो अठराच्याही आत होता. मग बरीच वर्षं रिकी नेल्सनबरोबर. वरच्या तारा नेहमीच्या जाडीच्या असल्या तर त्या ताणून सूर चढवता येत नाही, म्हणून त्यानं गिटारवर बँजोच्या पातळ तारा चढवल्या. मींड हवी होती म्हणून वाद्यच वाकवलं. कादरबक्ष हसले असते. सारंगीवाल्याला हे दुखणं कधी नव्हतंच.

मुंबईत या सगळ्याचे धागे एका माणसात येऊन मिळतात, तो म्हणजे सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकले. विनायकबुवा स्वतः १९२० च्या दशकात गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमोर नायक म्हणून उभे राहिलेले. म्हणजे या पोराच्या कानावर ती परंपरा थेट आलेली. नायक व्हायला तो सिनेमात गेला, ते जमलं नाही, आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीची साथ करत बसला. संगीतकार झाल्यावर त्यानं शेजारी बसवून घेतला तो चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, हॉटेलांतून जॅझ वाजवणारा तुतारीवाला. १९५१ च्या भगवानदादांच्या ‘अलबेला’त चिक आणि त्याचा संच पडद्यावरही दिसतो. १९५७ मध्ये ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ आलं. हिंदी सिनेमातलं पहिलं रॉक अँड रोल असा त्याचा लौकिक. त्यातला ‘माका नाका’ हा कोंकणी तुकडा जॉन गोम्स या गोवेकर वादकाच्या तोंडून आला असं सांगतात. प्रेस्ली तिकडे शिखरावर असताना इकडे हे घडत होतं, आणि ज्याच्या डोक्यातून आलं तो विनायकबुवांचा शिष्य आणि एके काळचा पेटीवाला.

गोवेकर वादकांवाचून ती गाणी उभी राहिली नसती, पण रेकॉर्डवर त्यांची नावं शोधायला जाऊ नये. स्वरलेखन वाचता येणारे, एका बैठकीत सहा गाणी वाजवून दुसऱ्या स्टुडिओत जाणारे हे लोक रोजंदारीवर होते. याउलट, बालगंधर्व कर्जात बुडाले तरी अत्तर, मखमल आणि साथीदार यांत त्यांनी काटकसर केली नाही. धंदा म्हणून तो मूर्खपणाच होता. पण त्यामुळेच थिरकवांसारखा माणूस एका नाटक कंपनीत वर्षानुवर्षं टिकला.

प्रेस्लीच्या कारभाऱ्यांना हे सुचलं नाही. १९५७ मध्ये तो लाखो डॉलर कमावत असताना स्कॉटी आणि बिलला दौऱ्यावर आठवड्याला २०० डॉलर आणि दौरा नसेल तेव्हा १०० मिळत. सुरुवातीचे काही महिने तर स्कॉटीच प्रेस्लीचा व्यवस्थापक होता. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये दोघांनी राजीनामे लिहून पाठवले. दोघे परतले, पण रोजावर. बिल १९६५ मध्ये वारला.

१९६९ मध्ये लास व्हेगासच्या हॉटेलात प्रेस्ली पुन्हा लोकांसमोर उभा राहणार असं ठरलं, तेव्हा स्कॉटीला विचारणा झाली. त्यानं हिशेब केला. नॅशव्हिलमधलं स्टुडिओचं काम सोडून जावं इतके पैसे त्यात नव्हते. त्यानं नकार दिला. मग फोन गेला जेम्स बर्टनला. बर्टननं संच जमवला आणि १९७७ मध्ये प्रेस्ली जाईपर्यंत त्याच्या उजव्या हाताला तो उभा राहिला. गिटारचा तुकडा आला की प्रेस्ली ध्वनिक्षेपकावरून त्याचं नाव घेऊन त्याला वाजवायला सांगायचा.

क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं २००० मध्ये साथीदारांसाठी वेगळा मान सुरू केला. पहिल्याच वर्षी त्यात स्कॉटी होता, दुसऱ्या वर्षी बर्टन. हेली, व्हिन्सेंट हे गायक १९८७ आणि १९९८ मध्येच आत गेले होते, साथीदार दाराबाहेर ठेवून. ती चूक २०१२ मध्ये दुरुस्त झाली आणि सेड्रोन व गॅलप यांची नावं यादीत चढली. सेड्रोनला जाऊन तोवर ५८ वर्षं झाली होती.